बाबा फ्रेंच, आई मराठी, बाहेर इंग्रजी: फ्रेंच शाळेतल्या बालकेंद्राचा उपयोग काय?

प्रश्न असा: बडोद्यात वाढलेली एक मराठी मुलगी लग्नानंतर कॅनडातल्या विनिपेगला आली. नवरा फ्रँको-मॅनिटोबन, म्हणजे मॅनिटोबा प्रांतातला फ्रेंच भाषक, दोघांची आपसातली भाषा इंग्रजी. मुलगा दीड वर्षाचा. घराजवळच्या फ्रेंच शाळेत शून्य ते पाच वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक यांच्यासाठी केंद्र आहे. सासूबाई म्हणतात, जा. तिला स्वतःला फ्रेंच येत नाही. ती विचारते: तीन भाषांनी मुलगा गोंधळणार नाही का? मराठीचं काय होईल? तिथे बसून मला कळणार काय? आणि त्यापेक्षा पुढे सरळ फ्रेंच इमर्शनला घातलं तर काय बिघडलं?

उत्तर:

जा. आणि नवऱ्यालाही पाठवा. जमलं तर तुमच्यापेक्षा त्यालाच जास्त वेळा पाठवा. मॅनिटोबातल्या अशाच एका केंद्रात मी बरीच वर्षं काम केलं आहे. बाहेरून बघणाऱ्याला तिथे चटई, ठोकळे, रंग आणि रांगणारी-पळणारी दहा-बारा मुलं दिसतात, आणि ही बालवाडी आहे असं त्याला वाटतं. बालवाडीत आई मुलाला दारात सोडून निघून जाते. इथे पालकाने थांबायचंच असतं, कारण सगळा खटाटोप मुख्यतः त्याच्यासाठी असतो. दीड वर्षाचं मूल कुठल्याही भाषेत रमतं. घरी जाऊन ती भाषा चालू ठेवायची की नाही, हे त्याचे आईबाप ठरवतात.

इमर्शनचं आधी उरकून घेते, कारण आपल्या लोकांचा घोटाळा हमखास तिथेच होतो. इमर्शन म्हणजे इंग्रजी भाषक मुलांना फ्रेंच माध्यमातून शिकवणं. ते सुरू झालं १९६५ साली मॉन्ट्रियलशेजारच्या सेंट-लँबर्टमध्ये, तेही इंग्रजी भाषक पालकांच्या पुढाकाराने, त्यांच्या मुलांना फ्रेंच यावं म्हणून. तिथे वर्गात फ्रेंच असतं. पण मधल्या सुट्टीत, पालकसभेत, ऑफिसच्या खिडकीवर इंग्रजीच चालतं. शाळा चांगल्या आहेत, कोणालाही प्रवेश मिळतो, मला त्यांच्याविरुद्ध काही म्हणायचं नाही. फ्रेंच शाळा मात्र निराळी चीज आहे. ती इथल्या फ्रेंच समाजाची स्वतःची शाळा आहे आणि तिच्यामागे कॅनडाच्या राज्यघटनेतल्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेतलं कलम २३ उभं आहे. फ्रेंच बहुसंख्य असलेल्या क्वीबेक प्रांताबाहेर ज्या कॅनेडियन नागरिकाची पहिली शिकलेली आणि अजून समजणारी भाषा फ्रेंच आहे, किंवा ज्याचं प्राथमिक शिक्षण कॅनडात फ्रेंचमध्ये झालंय, त्याला आपली मुलं त्या भाषेत शिकवण्याचा हक्क आहे. आईबापांपैकी एकाकडे हा हक्क असला की पुरतं. तुमच्या नवऱ्याकडे तो आहे, त्यामुळे तुम्हाला फ्रेंच येतं की नाही हा प्रश्नच निघत नाही. मुलगा तिथे शिकला की त्याच्या भावंडांना आणि पुढे त्याच्या मुलांनाही त्याच आधारावर हक्क मिळतो. २०२१ च्या जनगणनेत पहिल्यांदाच अशा मुलांची मोजदाद झाली. क्वीबेक सोडून ५ लाख ९३ हजार मुलं पात्र निघाली, आणि त्यांतल्या शाळेच्या वयाच्या मुलांपैकी साधारण ६५ टक्केच कधी ना कधी फ्रेंच शाळेत गेलेली होती. बाकीची गेली कुठे? बरीचशी तुमच्यासारख्याच घरांतली असतात. आईला फ्रेंच येत नाही, बाबा फ्रेंच बोलायचा कंटाळा करतो, आणि पाच वर्षांचा होईपर्यंत मुलगा इंग्रजी झालेला असतो.

सासूबाई आग्रह का करताहेत हेही समजून घ्या. मॅनिटोबात १९१६ च्या कायद्याने इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवणं बंद झालं. इन्स्पेक्टर आला की फ्रेंच पुस्तकं लपवायची आणि इंग्रजी पुस्तकं बाकावर काढायची, हे विनिपेगच्या सेंट बॉनिफेस या फ्रेंच वस्तीतल्या कुठल्याही जुन्या घरात ऐकायला मिळतं. १९६७ मध्ये अर्ध्या दिवसापुरती मुभा मिळाली आणि १९७० मध्ये फ्रेंचला इंग्रजीच्या बरोबरीने शिक्षणाची भाषा म्हणून मान्यता मिळाली. पण शाळांचा कारभार फ्रेंच समाजाच्या हातात यायला १९९४ उजाडलं. त्या वर्षी डीएसएफएम, म्हणजे फ्रँको-मॅनिटोबन शाळांचं स्वतंत्र मंडळ, सुरू झालं. तेही सुप्रीम कोर्टाच्या दोन निकालांनंतर: आधी १९९० चा अल्बर्टातला माहे खटला, मग १९९३ चा खुद्द मॅनिटोबाबद्दलचा. तुमचे सासू-सासरे ज्या काळात लहान होते, त्या काळात चारचौघांत फ्रेंच बोलणं म्हणजे मागासलेपण. त्यामुळे आता नातवासमोर त्यांच्या तोंडून पटकन इंग्रजी निघतं. त्यांचा आग्रह आणि त्यांची सवय यांचा मेळ बसत नाही, पण त्याबद्दल त्यांना बोल लावू नका.

आता एक गोम सांगते. कलम २३ मध्ये प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण असे शब्द आहेत. शून्य ते पाच या वयाचा त्यात उल्लेखच नाही. भाषा घरात रुजते की नाही हे ज्या वर्षांत ठरतं, नेमकी तीच वर्षं सनदेच्या अक्षरांबाहेर राहिली. म्हणून ही केंद्रं पालकांच्या संघटना, शाळामंडळ आणि निरनिराळी सरकारी अनुदानं यांच्या जोरावर चालतात. मॅनिटोबात पालकांचा महासंघ आणि डीएसएफएम मिळून ती चालवतात. ब्रिटिश कोलंबियाच्या फ्रेंच शाळांत असाच कार्यक्रम ‘फ्राँ देपार’ नावाने आहे, ऑन्टारियोत ‘ऑन इ व्हा’ आहे. अनुदान आलं की कर्मचारी येतात, आटलं की एखादा वार बंद होतो. २०२४ च्या मार्चमध्ये संमत झालेल्या कॅनडा सरकारच्या बालसंगोपन कायद्यात भाषिक अल्पसंख्याकांना निधी देण्याचा उल्लेख यावा म्हणून सेनेटर रने कॉर्मिये यांना दुरुस्ती आणावी लागली. मूळ मसुद्यात निधीच्या कलमात तो नव्हता. तुम्हाला याचा संबंध इतकाच, की केंद्राचं वेळापत्रक वर्षावर्षाला बदलतं. दर सप्टेंबरला नव्याने विचारायचं.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे तुमच्या नवऱ्याकडे. माँक्टन विद्यापीठाचे रॉड्रिग लांद्री यांनी मिश्र जोडप्यांच्या मुलांचा पुष्कळ अभ्यास केला आहे. सगळीकडे ओरड होती की मिश्र लग्नं झाली म्हणून फ्रेंच मरतंय. लांद्रींनी दाखवलं की लग्न हे कारण नव्हे. फ्रेंच भाषक पालक मुलाशी फ्रेंचच बोलत राहिला आणि मूल फ्रेंच शाळेत गेलं, तर बारावीपर्यंत त्याचं फ्रेंच दोन्ही पालक फ्रेंच असलेल्या मुलांच्या जवळपास पोचतं. घर आणि शाळा दोन्ही हवीत. नुसती शाळा पुरत नाही, कारण पाच वर्षं इंग्रजी ऐकून आलेल्या मुलाला आधी भाषा शिकवायची आणि मग धडा, यात शिक्षिकेची पहिली दोन वर्षं जातात, आणि त्या दोन वर्षांत पटांगणाची भाषा इंग्रजी होऊन बसते. एकदा पटांगण गेलं की परत मिळवणं महाकठीण.

माझा अनुभव असा की आया तयार असतात, बाबा लाजतात. आमच्याकडे येणारे कितीतरी फ्रँको-मॅनिटोबन बाप स्वतः फ्रेंच शाळेत शिकलेले असतात, आजीशी फ्रेंच बोलतात, पण आपलं फ्रेंच ‘खरं’ नाही, त्यात इंग्रजी मिसळलेलं आहे, पॅरिसच्या माणसापुढे हसं होईल, अशी भीती मनात धरून असतात. दुसरं म्हणजे बायकोला कळत नाही म्हणून तिच्यासमोर बोलायला त्यांना अवघड वाटतं. ही दुसरी अडचण तुम्हीच सोडवू शकता. त्याला स्पष्ट सांगा: ‘मला कळलं नाही तरी चालेल, तू बोल. महत्त्वाचं असेल तर मला नंतर सांग.’ अनेक घरांत नुसत्या या परवानगीने काम झालेलं मी पाहिलं आहे. सुरुवातीला सगळा दिवस फ्रेंच असा नेम करू नका, आठवड्यात मोडतो. आंघोळ आणि झोपवणं ही दोन कामं बाबाची, आणि ती फ्रेंचमध्येच, इतकं ठरवा. तीच कामं रोज होतात, तेच शब्द रोज येतात, बाबाचीही जीभ सैल होते.

आता मराठी. तुम्ही मराठीच बोला, आणि निःशंक बोला. फ्रेंचला जागा करून देण्यासाठी मराठी सोडायची गरज नाही. फ्रेंचशी स्पर्धा आहे ती इंग्रजीची. तुम्ही मराठी सोडलीत तर त्या जागी फ्रेंच येणार नाही, इंग्रजी येईल, कारण तुम्हाला तेच येतं. इंग्रजीची तर काळजीच सोडा. विनिपेगमध्ये वाढलेल्या मुलाला इंग्रजी आलं नाही, असं एकही उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. ते टीव्हीतून येतं, शेजाऱ्यांकडून येतं, आणि तुम्ही दोघं जेवताना आपसात बोलता त्यातूनही येतं. तुम्ही बडोद्यात घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी अशाच वाढला असणार, आणि तुमचा गोंधळ झाला का हे कोणी कधी विचारलंही नसेल.

मुलगा एका वाक्यात तीन भाषा कालवील. हे गोंधळाचं लक्षण नाही. त्याच्याकडे जो शब्द हाताशी आहे तो तो वापरतो. शब्द मोजायचे झाले तर तिन्ही भाषांतले मिळून मोजा. एकेका भाषेत तो मागे वाटला तरी बेरीज साधारण बरोबर येते. मात्र खरोखरच बोलायला उशीर होत असेल तर ‘तीन भाषांमुळे होतंय’ म्हणून थांबू नका, आणि कोणी डॉक्टर ‘घरात एकच भाषा ठेवा’ म्हणाला तर ते लगेच मानूही नका. जोहान पॅराडिस, फ्रेड जेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये भाषिक विकासात अडचण असलेल्या, सात वर्षांच्या आसपासच्या फ्रेंच-इंग्रजी मुलांची तुलना तशीच अडचण असलेल्या एकभाषिक मुलांशी केली. द्विभाषिक मुलं जास्त मागे नव्हती. दोन भाषांनी अडचण वाढलेली नव्हती. केंद्रातून वाचा-उपचारतज्ज्ञाकडे पाठवण्याची सोय होते. तपासणी मागताना घरातल्या तिन्ही भाषा सांगा, मराठीही.

एक थंड पाण्याचा हबका मात्र द्यायलाच हवा. बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये ॲनिक डे हाउवर यांनी सुमारे १,९०० कुटुंबांची पाहणी केली, ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. घरात निदान एक पालक अल्पसंख्य भाषा बोलत असूनही चारांतलं जवळपास एक मूल ती भाषा बोलत नव्हतं. म्हणजे ‘एक पालक, एक भाषा’ या सूत्राने आपोआप काही होत नाही. मुलाला त्या भाषेची गरज पडली पाहिजे. ती बोलणारी माणसं, खेळगडी, आजी-आजोबा हवेत. बाबाच्या फ्रेंचला ही गर्दी केंद्र पुरवतं. तुमच्या मराठीला ती पुरवायला तुम्हालाच खटपट करावी लागेल: बडोद्याला रोजचा व्हिडिओ कॉल, महाराष्ट्र मंडळाची शाळा, उन्हाळ्यात दोन महिने भारत. तीनपैकी दोन भाषा सारख्याच पक्क्या होतील आणि मराठी समजण्या-बोलण्यापुरती राहील, वाचण्याइतकी कदाचित नाही. एवढी तयारी मनाशी असू द्या.

तिथे मला कळणार काय, असं तुम्ही विचारलंय. सगळ्यात जास्त फ्रेंच तुम्ही कुठे शिकाल सांगू? चटईवर नाही, कपड्यांच्या खुंट्यांपाशी. जानेवारीत उणे पंचवीस असताना दहा पोरांना बाहेर काढायचं म्हणजे पाऊण तासाचं काम. आधी स्नोपँट, मग बूट, मग जाकीट, मग टोपी, सगळ्यात शेवटी हातमोजे, कारण हातमोजे आधी घातले की बाकीचं काही घालताच येत नाही. आमच्या बाई प्रत्येक वस्तू उचलून त्याच शब्दांत, त्याच क्रमाने सांगतात आणि मग गप्प बसतात. मुलाने पाय पुढे करेपर्यंत थांबतात. हे थांबणं हेच त्यांचं कसब आहे. नवखा माणूस घाईने स्वतःच पाय ओढून घालतो आणि मुलाची बोलायची संधी जाते. दोन महिने रोज हे ऐकलं की आईच्या तोंडूनही ‘बूट कुठे?’, ‘दुसरा पाय!’ फ्रेंचमध्ये निघायला लागतं. व्याकरण शून्य, पण मुलाच्या जगापुरतं फ्रेंच तिच्याकडे आलेलं असतं, आणि नवरा आंघोळीला काय बोलतोय ते तिला कळायला लागतं. घरातला अवघडलेपणा तिथून सुटतो. पुढे वाटलंच तर सेंट बॉनिफेस विद्यापीठात किंवा इतरत्र मोठ्यांचे वर्ग आहेत, पण ते पुढचं पुढे.

तिथे इंग्रजीत बोललं तर चालतं का, हा आम्हा काम करणाऱ्यांच्यातला जुना वाद आहे. सक्ती केली की फ्रेंच न येणारे पालक दुसऱ्या आठवड्यापासून दिसत नाहीत, आणि नेमकी तीच घरं आम्हाला हवी असतात. मोकळीक दिली की चार इंग्रजी आया कोपऱ्यात कॉफी घेऊन बसतात आणि तासाभरात सगळी खोली इंग्रजी होते. माझं मत असं झालं आहे: मुलाशी कर्मचाऱ्याने फक्त फ्रेंच, चटईवर गाणी-गोष्टी चालू असताना सगळ्यांचंच फ्रेंच, आणि बाकी वेळी पालकाने कुठल्याही भाषेत बोलावं. त्यात मराठीही आली. एका मुलाची आजी पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिला ना फ्रेंच येत होतं ना फारसं इंग्रजी. ती मुलाच्या तळहातावर बोट फिरवत मोराला चारा घालायचं आपलं बडबडगीत म्हणायची, आणि बाकीची पोरंही तिच्यापुढे हात पसरून रांगेत उभी राहायची. कोणीही तिला थांबवलं नाही, थांबवायचं कारणही नव्हतं. तुमच्या आई आल्या तर त्यांनाही घेऊन जा.

केंद्र बघायला जाल तेव्हा भिंतीवरचे तक्ते बघू नका. मोकळा खेळ चालू असताना चार वर्षांची मुलं आपसात कुठल्या भाषेत भांडतात ते ऐका. थोडंफार इंग्रजी असणारच. पण मध्येच कोणी मोठं माणूस खाली बसून फ्रेंचमध्ये त्या खेळात शिरतं का, ते बघा. पुस्तकांच्या पिशव्या घरी देतात का, सोबत फ्रेंच न येणाऱ्या पालकासाठी वाचलेल्या गोष्टीचं ध्वनिमुद्रण मिळतं का, शनिवारचा किंवा संध्याकाळचा एखादा कार्यक्रम आहे का, हे विचारा. शाळेच्याच इमारतीत केंद्र असेल तर मोठ्या मुलांचा आवाज, जिना, ग्रंथालय, शिक्षिकांचे चेहरे मुलाच्या ओळखीचे होतात आणि पाचव्या वर्षी तो पहिल्या दिवशी रडत नाही. हा फायदा छोटा वाटतो, पण बऱ्याच आयांचा फ्रेंच शाळेबद्दलचा निर्णय त्यावरच पक्का होतो. चित्रकार्डं, ॲप आणि टॅबलेटवरची फ्रेंच कार्टून यांच्यावर पैसे घालवू नका.

केंद्र म्हणजे पाळणाघर नाही, त्यामुळे तुम्ही नोकरीवर परतलात की पंचाईत होणार. मॅनिटोबात २०२३ च्या एप्रिलपासून दिवसाला १० डॉलरचं पाळणाघर आलं, मागणी वाढली, आणि फ्रेंच पाळणाघरांत आधीच शिकलेल्या फ्रेंच भाषक शिक्षिकांची चणचण आहे. प्रतीक्षायादीत नाव आजच घाला. तोवर इंग्रजी पाळणाघर मिळालं तर घ्या, मनाला लावून घेऊ नका. मग मात्र बाबाची फ्रेंच आंघोळ आणि शनिवारचं केंद्र सोडायचं नाही. आणखी एक मूल व्हायचा विचार असेल तर लक्षात ठेवा: मार्च २०१९ पासून पालकत्वाच्या रजेत दुसऱ्या पालकासाठी वेगळे ५ आठवडे राखीव आहेत, लांबची रजा घेतली तर ८. ते तुमच्या नवऱ्याने घ्यावेत आणि थोरल्याला घेऊन सकाळी केंद्रात जावं. लाजणारे बाप सलग महिनाभर आल्यावर मुलाशी फ्रेंच बोलू लागतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

राहिल्या सासूबाई. ‘तुम्ही इंग्रजी का बोलता’ असं त्यांना विचारू नका, दुखावतील. केंद्रातल्या बाईंना सांगून त्यांना गोष्टीच्या तासाला वाचायला बोलवून घ्या. समोर पुस्तक असलं की इंग्रजीकडे वळायला वाव राहत नाही, आणि दहा मुलं ‘मेमेर’ (आजी) म्हणून आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर त्यांचं स्वतःचं, गावाकडचं फ्रेंच बाहेर येतं. पहिल्यांदा त्या नाही म्हणतील. दुसऱ्यांदा मुलाकडून विचारवा.